गोधडी, कातर आणि डाय



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, राजकारण, तत्त्वज्ञान अशा थोरामोठ्यांची वर्दळ असावयाची. तेथे कापड कापण्याच्या एका यंत्राविषयी बोलावयाचे म्हणजे श्रीखंडपुरीच्या पंगतीत ताकाची वाटी घेऊन शिरण्यासारखे आहे. पण ताकावाचून पंगत उठत नाही, एवढ्याच आधारावर आम्ही हे धाडस करीत आहोत.

ज्या यंत्राविषयी बोलावयाचे ते अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्यांच्या घरोघरी दिसू लागले आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या लेकीसुना तिकडे नांदतात. सहा महिने त्यांच्याकडे राहून आलेल्या आजीबाई ते यंत्र पाहून येतात. एखादी सामानातून घेऊनही येते. मग घरात वाद सुरू होतो. एक म्हणते, आता गोधडी म्हणजे चुटकीसरशी. दुसरी म्हणते, साच्यातून काढलेली ती कसली गोधडी? आमच्या मते या दोघींचेही म्हणणे अर्धे खरे आहे, आणि यंत्र हाती धरण्यापूर्वी कोणते अर्धे खरे ते समजून घेतले, तर पैसेही वाचतील आणि कापडही.

यंत्राची रचना सांगण्यासाठी स्वयंपाकघराबाहेर जावे लागत नाही. मोठी पोळी लाटून तिच्यावर वाटी दाबली की एकसारख्या पुऱ्या निघतात. ती वाटी म्हणजेच डाय. फरक इतकाच की येथे वाटीच्या कडेऐवजी पोलादाची धारदार पट्टी चौकोनाच्या किंवा त्रिकोणाच्या आकारात वाकवून एका फळीत घट्ट बसविलेली असते, आणि तिच्या अवतीभोवती स्पंज चिकटवून पाती झाकलेली असतात. फळीवर कापडाचे थर ठेवावयाचे, त्यांवर प्लॅस्टिकची जाड पाटी ठेवावयाची, आणि हे सर्व दोन रुळांमधून पलीकडे काढावयाचे. रसवंतीच्या चरकात ऊस जसा जातो, तशी फळी एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. हँडल आपण फिरवावयाचे. दाबाखाली स्पंज दबतो, पाती वर येऊन कापड तोडतात, आणि रूळ पुढे गेला की स्पंज फुगून कापलेला तुकडा वर ढकलतो. वीज नाही, बटण नाही. विजेवर चालणारी यंत्रेही निघाली आहेत, पण तत्त्व हेच. ओमाहा शहरातील अ‍ॅक्युक्विल्ट कंपनीने हातयंत्राचे असे एक घरगुती रूप 2009 साली बाजारात आणले, आणि शिवणाऱ्यांमध्ये या प्रकाराचा बोलबाला झाला.

कल्पना मात्र 2009 सालची नव्हे. चांभारकामाच्या कारखान्यांत तळवे आणि वरची कातडी अशाच पोलादी साच्यांनी कापीत आले आहेत. खोक्यांच्या धंद्यात तर हिची एक गमतीची कथा आहे. 1879 साली न्यूयॉर्क भागात रॉबर्ट गेअर नावाचा स्कॉटलंडहून आलेला गृहस्थ कागदी पिशव्या छापीत असे. पिशवीला घडी पडावी म्हणून बसविलेली धातूची पट्टी जागेवरून सरकली आणि घडी पाडण्याऐवजी पिशव्या कापून गेली. दुसरा एखादा कारखानदार कामगारावर ओरडला असता. गेअरने ताडले की एकाच दाबात घडीही पाडता येईल आणि कापही घेता येईल. आणि त्यातून घडीचे पुठ्ठ्याचे खोके निघाले. आज आपण मिठाईचे किंवा औषधाचे जे खोके उघडतो, ते डाय मारूनच कापलेले असते. तेव्हा ही वस्तू परकी मानण्याचे कारण नाही. ती आपल्या घरात आहेच, फक्त कचऱ्याच्या टोपलीत आहे!

गोधडीवाल्यांकडे ती इतक्या उशिरा का आली? कारण मध्ये दुसरे एक हत्यार येऊन गेले. पूर्वी पुठ्ठ्याचा नमुना कापडावर ठेवून पेन्सिलीने रेघ आखावयाची आणि कातरीने रेघेवरून जावयाचे, हीच रीत होती. 1979 साली जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या चकतीची सुरी काढली. आपले करंजीचे कातणे डोळ्यांपुढे आणा. त्याला नागमोडी कडेऐवजी वस्तऱ्याची धार दिली की ती झाली. पट्टीच्या कडेने हे कातणे दाबून ओढले की चार थर एकदम कापले जातात. अमेरिकेत त्यानंतर आखणीची पेन्सिल जवळजवळ अडगळीत पडली. पण या कातण्याला दोन गोष्टी लागतात: मापाची पट्टी न सरकू देणारा डावा हात, आणि मनगटात जोर असलेला उजवा. साठी उलटलेल्या बाईजवळ नेमक्या याच दोन गोष्टी उरलेल्या नसतात. अंगठ्याच्या बुडाचा सांधा धरला की प्रथम कातर सुटते, मग कातणे सुटते, आणि मग, हात शिवू शकत असूनही, शिवणे सुटते. आमच्या दृष्टीने या यंत्राचे पहिले समर्थन वेग नाही, हे आहे. फिरते हँडल सबंध हाताने, खांद्याच्या जोरावर फिरविता येते. अंगठ्याला चिमटीत काही धरावे लागत नाही.

दुसरे समर्थन मापाचे. आपल्याकडील सुतार-शिंप्यांचे सूत सर्वांना ठाऊक आहे. इंचाची आठ सुते. अमेरिकन गोधडीत शिवणीसाठी जी माया सोडतात ती सर्व बाजूंनी अवघी दोन सूत, म्हणजे पाव इंच. आपले शिंपी हसतील, कारण ते पोलक्याला याहून सढळ माया ठेवतात. पुढे अंगावर माया चढेल याचीही त्यांना कल्पना असते. गोधडीत ती सोय नाही. समजा, आठ चौकोनांची एक ओळ आहे आणि प्रत्येक चौकोन अर्धा सूत मोठा कापला गेला. अर्धा सूत डोळ्यांना दिसतही नाही. पण आठ चौकोनांअखेर ती ओळ अर्ध्या इंचाने लांब होते, शेजारच्या ओळीशी तिचे कोपरे जुळत नाहीत, आणि मग बाई स्वतःच्या शिवण्याला दोष देत उसवीत बसते. शिवणे बरोबर असते. कापणे चुकलेले असते. डायमध्ये पोलाद वाकवितानाच माप ठरलेले असल्याने हा दोष तेथल्या तेथे संपतो.

त्रिकोणाच्या बाबतीत तर डाय चक्क गणित करते. चौकोन कर्णावर दुभागून त्याचे दोन त्रिकोण करावयाचे, आणि दोन रंगांचे त्रिकोण जोडून पुन्हा चौकोन करावयाचा, हा अमेरिकन गोधडीचा प्राण आहे. शिवून झाल्यावर चार इंचांचा चौकोन हवा असेल तर सरळ चौकोन साडेचार इंचांचा कापावा लागतो. हे सोपे आहे. पण असे त्रिकोण हवे असतील तर मूळ चौकोन चार इंच सात सूत कापावा लागतो, कारण तिरक्या बाजूवरच्या मायेला कर्णाचा हिशेब लागतो. हे सात सूत ज्या ध्यानात ठेवू शकतात त्यांना आमचा नमस्कार. डायमध्ये ते आधीच गोठविलेले असतात, आणि त्रिकोणाची जी टोके शिवणीबाहेर कानासारखी लोंबतात तीही बहुतेक डाय कापतानाच छाटून टाकतात. त्यामुळे दोन त्रिकोण कोपऱ्यावर कोपरा ठेवून चटकन जुळतात.

आता खरेदीविषयी थोडे कडक बोलतो. सोऱ्याबरोबर ताटल्या मिळतात, शेवेची, चकलीची, पापडीची. डायच्या बाबतीत मात्र यंत्र एकदा घ्यावयाचे आणि डाय जन्मभर घ्यावयाच्या, असा मामला आहे. एका डायमधून एकच आकार, एकाच मापाचा निघतो. फूल, पान, हत्ती, नाताळचे झाड, सर्व मिळतात आणि सर्व मोह घालतात. हत्तीची डाय घेतली की आयुष्यभर हत्तीच. नव्याने सुरुवात करणाऱ्या बाईने तीनच डाय घ्याव्यात: साडेचार इंचांचा चौकोन, त्याच कुळातला म्हणजे शिवून चार इंचांचा होणारा अर्ध्या चौकोनाचा त्रिकोण, आणि अडीच इंच रुंदीची पट्टी. डायवर कापलेले आणि शिवून झालेले अशी दोन मापे असतात. पैकी शिवून झालेले माप एकमेकांशी जुळते की नाही तेवढे पाहावे. पुष्कळ जणी येथे फसतात: चार इंच कापला जाणारा चौकोन आणि चार इंच शिवला जाणारा त्रिकोण घरी आणतात, आणि ती दोन्ही मरेपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत.

या तिघांतून काय होते? भिंगरी होते, पाणचक्कीसारखी नक्षी होते, आणि चांदणी होते. चांदणीची रीत सांगतो. चार ओळी, चार रकाने, असे सोळा घरांचे एक चौरंगासारखे चौकट धरा. मधली चार घरे चांदणीच्या रंगाची, चार कोपरे जमिनीच्या रंगाचे, आणि कडेची उरलेली आठ घरे दोन-दोन त्रिकोणांची. ही चांदणी सोळा इंचांची होते. अशा चार चांदण्या जोडल्या की बत्तीस इंचांचे चौरस दुपटे तयार. पहिले काम म्हणून आम्ही हेच सुचवितो, कारण दुपटे लवकर पुरे होते आणि ज्याच्यासाठी शिवले तो गृहस्थ टीका करीत नाही. त्याला बत्तीस चौकोन आणि चौसष्ट त्रिकोण लागतात. कातरीने हे काम म्हणजे तीनशेवीस कडा आखणे आणि कापणे. यंत्रात सुती कापडाचे सहा थर एकदम जातात. फळीवर एकच आकार असला तरी सतरा-अठरा फेऱ्यांत सर्व तुकडे हातात येतात. पट्टीची डाय मग कडेच्या गोटासाठी उपयोगी पडते.

प्रत्यक्ष कापण्यास बसण्यापूर्वी कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करावी. आणि खळ द्यावी. खळ हा शब्द आता घरातून जवळजवळ गेला आहे, पण पातळ सुती कापडाला हलकी खळ दिली की ते पातीवर घसरत नाही, कागदासारखे तुटते. थर रचताना एकही सुरकुती राहता कामा नये. कापडाचा तुकडा आकारापेक्षा सर्व बाजूंनी एक-दोन सूत मोठा असला की पुरे. सबंध फळी झाकण्याची उधळपट्टी करू नये. पाती स्पंजाखाली दिसत नाहीत म्हणून चाचपडावे लागते; यावर उपाय म्हणजे पातीच्या रेघेवरून स्पंजावर एकदाच पेनाने आखून ठेवावे. स्पंज बोटाने दाबून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, आणि फळी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

यापुढची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच बायका घाईत वगळतात. कापडाला ताणा असतो आणि बाणा असतो. किनारीला समांतर जाणारे उभे धागे ते ताण्याचे. ते मागावर ताणून बसविलेले असल्याने फारसे ओढले जात नाहीत. आडवे बाण्याचे धागे किंचित देतात. शंका असेल तर दोन्ही दिशांनी कापड हलकेच ओढून पाहावे. ज्या दिशेने कमी ताणले जाते ती उभी दिशा. ही उभी दिशा रुळांमधून फळी ज्या मार्गाने जाते त्या मार्गाला समांतर ठेवावयाची. उलट ठेवले तर रूळ कापडाला पुढे रेटताना ताणतात, ताणलेल्या अवस्थेतच पाती त्याला कापतात, आणि बाहेर आल्यावर कापड आखडून मूळ पदावर येते. चौकोन मग चौकोन राहत नाही. पोलाद चुकत नाही हे खरे; पण त्याच्याखाली आपण ताणलेले कापड दिले, तर ते अचूकपणे चुकीचे कापते. शिंपी ज्याला क्रॉस म्हणतात त्या तिरक्या कडेला तर याहून जपावे. त्रिकोणाची लांब बाजू क्रॉसवर असते, ती इस्त्री फिरवून ओढू नये, वरून दाबावी.

फळ्या पाहिल्यात तर एक चमत्कारिक गोष्ट दिसेल: चौकोन पुष्कळदा फळीच्या कडेशी समांतर नसून जरासा तिरका बसविलेला असतो. हा कारागिराचा गलथानपणा नव्हे. पाते सबंध लांबीने एकदम रुळाखाली आले तर हँडल अडते. तिरके आले तर ते टोकापासून क्रमाक्रमाने चावत जाते. विळीवर भाजी चिरताना आपला हात हेच करतो. तेव्हा कापड फळीच्या कडेप्रमाणे न लावता पातीच्या दिशेने लावावे. पट्टीची डाय असेल आणि कापड दुमडून घातले असेल, तर दुमड अगदी काटकोनात हवी. नाहीतर पट्टी उलगडल्यावर मधोमध कोपरासारखा वाक दिसतो.

पहिले काही तुकडे कापल्यावर लगेच दुपट्याला हात घालू नये. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या घ्याव्यात, शेजारी शेजारी शिवाव्यात, इस्त्री करावी आणि मधली पट्टी मोजावी. ती बरोबर एक इंच भरली तर आपली शिवण पाव इंचाची आहे. कमी भरली तर शिवण जाड पडते. जास्त भरली तर बारीक. यंत्र कापण्याची हमी घेते, शिवण्याची घेत नाही, आणि शिलाई मशीनच्या सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टीची खूण करण्याचा खर्च काहीच नाही.

कधी तुकडा एखाद-दोन धाग्यांनी अडकून राहतो. प्रथम पाहावे ते पातीच्या कोपऱ्यात आणि स्पंजात अडकलेला कापसाचा भुगा. दाभणाने काढून टाकावा. मग प्लॅस्टिकची पाटी पाहावी. तिच्यावर पातीचे व्रण उठणारच, तेवढ्यासाठीच ती आहे. पण रोज एकाच जागी ठेवली तर तेथे खाच पडते आणि खाचेत पाते पोकळ जाते. म्हणून तिची बाजू आणि दिशा फिरवीत राहावे. पाटी फिरवूनही धागा त्याच ठिकाणी राहिला तर मात्र पात्याला तेथे दाता पडलेला असतो. बहुधा टाचणीवरून रूळ गेलेला असतो. टाचण्या लावून थर धरण्याची आपली सवय येथे सोडावी. आणि छापखान्यांसाठी डाय करणाऱ्या कारागिराकडून स्वस्तात डाय करून घेण्याचा विचार कोणी करील, तर पात्याची उंची आणि आपल्या यंत्राच्या रुळांतील फट जुळते की नाही हे आधी मोजून घ्यावे. न जुळल्यास कापड तुटणार नाही किंवा रूळ मोडेल.

आता त्या दुसऱ्या बाईच्या म्हणण्याकडे वळतो. साच्यातून काढलेली ती कसली गोधडी? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. आपली गोधडी किंवा वाकळ नक्षीतून निघतच नाही. ती जुन्या लुगड्यांतून, धोतरांतून, फाटक्या सदऱ्यांतून निघते. थरावर थर, आणि कडेपासून आत आत येणारा धावदोरा. तुकडा जसा मिळेल तशी जागा त्याला दिली जाते. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे राहणाऱ्या सिद्दी स्त्रियाही त्यांची कवंदी अशाच कडेपासून शिवीत आत येतात, आणि चारही कोपऱ्यांना घडीची छोटी त्रिकोणी 'फुले' लावल्याखेरीज ती पुरी मानीत नाहीत. आणि हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. खुद्द अमेरिकेत, अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांची ही वस्ती. तेथल्या स्त्रियांनी शेतावर झिजलेल्या कपड्यांतून थंडीसाठी गोधड्या शिवल्या. 2002 साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, आणि ती मोठ्या चित्रकारांच्या तोडीची कला आहे असे समीक्षक म्हणू लागले. त्यांत एक रेघ सरळ नाही. ती सरळ असती तर त्या गोधड्या तेथे पोचल्या नसत्या, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणजे गोधडीची दोन घराणी आहेत. एकात कापड सांगते आणि हात ऐकतो; दुसऱ्यात नक्षी सांगते आणि कापडाने ऐकावयाचे असते. डाय दुसऱ्या घराण्याची दासी आहे. तेथे तिला खुशाल राबवावे. चांदणीचे चौसष्ट त्रिकोण अंगठा दुखवून कापण्यात कसलेही पुण्य नाही. पण पहिल्या घराण्यात तिला आणू नये. आजीचे नऊवारी लुगडे सहा थरांत दुमडून डायखाली घातले तर साडेचार इंचांचे चौकोन निघतील, आणि काठ कोठे गेला, पदर कोठे गेला, ठिगळ कोठे होते, हे पुन्हा सांगता येणार नाही. ज्याच्या आकारातच आठवण आहे असे कापड कातरीनेच, आणि तेही कमीत कमी, कापावे.

यात आणखी एक बाब आहे, ती विकण्यासाठी गोधड्या शिवणाऱ्या बचत गटांची. तेथे असे यंत्र आले की कापण्याचा वेळ वाचणार हे उघड आहे. तो वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडणार? काम लवकर होते म्हणून नगामागे मजुरी उतरविली, तर बाईचा अंगठा वाचला आणि पोट मारले गेले, असे व्हावयाचे. यंत्राची किंमत गटाने मिळून भरली असेल तर मजुरीचा दर यंत्र येण्यापूर्वीच ठरवून, वहीत लिहून ठेवावा. यंत्र दारात आल्यावर हा विषय निघत नाही. निघाला तरी कोणी ऐकत नाही.

कापून झाल्यावर ज्या कातरणी उरतात, त्यांत बोटभर रुंदीच्या असतील त्या एकीकडे ठेवाव्यात, त्यांच्या पट्ट्या जोडून उशीचा अभ्रा होतो. त्याहून बारीक भुगा टाचण्यांच्या गादीत भरावा. एका दुपट्याचे सर्व तुकडे, कापलेले पण न शिवलेले, येथे टेबलावर मांडून ठेवले आहेत, आणि त्यांच्या शेजारी कातरीने कापलेले तितकेच. कोणते कोठले ते लिहिलेले नाही. येऊन हाताने चाचपून पाहावे, आणि ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी तेथेच विचारावे.